कार्ड आहे, नाव नाही: आपल्या इमारतीची, वस्तीची मतदार यादी तपासायची कशी

मतदानाच्या दिवशी सकाळी केंद्राबाहेर एक माणूस हमखास दिसतो. हातात मतदार ओळखपत्र, तोंडात एकच वाक्य: "अहो, मागच्या वेळी इथेच मत दिलं होतं!" यादीत नाव सापडत नाही. केंद्राध्यक्षांना नाव घालायचा अधिकार नाही, बाहेर टेबल मांडून बसलेल्या कार्यकर्त्यांना तर नाहीच. कार्ड ही फक्त ओळख आहे. मताचा अधिकार यादीतल्या नोंदीमुळे मिळतो. नोंद गेली तर त्या दिवशी कार्डाचा उपयोग बँकेत खातं काढण्यापुरताच.

मतदान वाढावं म्हणून आपल्याकडे जे काही होतं ते शेवटच्या चार दिवसांत होतं: रांगोळ्या, शपथा, शाई लावलेल्या बोटांचे फोटो. तोवर यादी बंद झालेली असते. म्हणून हा लेख त्या चार-पाच जणांसाठी आहे, ज्यांना आपल्या सोसायटीत, चाळीत, आळीत किंवा वाडीत हे काम खरंच करायचं आहे. नियम महाराष्ट्रातले धरले आहेत.

टप्पा 1: कधी सुरू करायचं आणि कुणी

निवडणूक जाहीर झाल्यावर नाही. नोंदणी वर्षभर चालू असते. वयाची 18 वर्षं मोजायला आता वर्षात चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव चढत नाही. शिवाय प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, त्यामुळे त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज गेला तरच काही आशा.

महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांचं गणित आणखी कडक. तिथे विधानसभेची यादी एका ठरावीक दिवशी जशी असेल तशी उचलतात. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकांना 1 जुलै 2025 ची यादी वापरली गेली. सप्टेंबरात ज्याने नाव नोंदवलं, तो जानेवारीत घरी बसला. त्याची चूक एकच, उशीर. तेव्हा निवडणूक नसलेलं वर्ष पकडा. गणपती आणि दिवाळीच्या मधले दोन-तीन रविवार मला सर्वांत सोयीचे वाटतात. लोक घरी असतात आणि उत्सवाच्या निमित्ताने एकमेकांशी बोलणंही सुरू झालेलं असतं.

माणसं चार-पाच पुरेत. प्रत्येक विंगमधून किंवा गल्लीतून एक. त्यात बायका हव्यातच, दुपारी दार त्यांच्यासाठी उघडतं. मराठी टायपिंग येणारं एक कॉलेजचं पोर घ्या. पक्षाचा पदाधिकारी शेजारी असेल तर त्याची माहिती घ्या, पण दारोदार त्याला पुढे करू नका. लोक खरं सांगायचे थांबतात. आणि वॉचमनला विसरू नका. कोण कधी सोडून गेलं, कुठल्या घरात नवे भाडेकरू आले, हे सेक्रेटरीपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

इथे थांबून बघा: तुमच्या घरांच्या यादीत फक्त मालक आहेत का? भाडेकरू, तळमजल्यावरच्या गाळ्यात राहणारं कुटुंब, खुद्द वॉचमनचं कुटुंब, हे सगळे तिथले रहिवासी आहेत. कायदा "सर्वसाधारणपणे राहतो" ते बघतो. फ्लॅट नावावर आहे एवढ्याने कुणी तिथला मतदार होत नाही.

टप्पा 2: यादी मिळवा, आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर यादी भागवार मिळते. आधी विधानसभा मतदारसंघ, मग यादी भाग क्रमांक. तुमचा भाग कोणता हे एका शेजाऱ्याच्या कार्डावरचा क्रमांक मतदार सेवा पोर्टलवर टाकून कळतं. पण तेवढ्यावर विसंबू नका. एकाच सोसायटीचे दोन विंग दोन वेगळ्या भागांत पडलेले मी पाहिले आहेत, आणि एका घरातले नवरा-बायको दोन वेगळ्या शाळांमध्ये मत द्यायला जातात तेही. आजूबाजूचे दोन-तीन भाग उतरवून घ्या.

यादी वाचताना बहुतेक जण मूळ यादी चाळतात आणि थांबतात. चूक तिथेच होते. मूळ यादीच्या मागे पुरवणी असते. नवी नावं, दुरुस्त्या आणि वगळलेली नावं तिथे सापडतात. वगळण्याचं कारणही एका अक्षराने दिलेलं असतं: मयत, स्थलांतरित, दुबार. आमच्याकडे एका आजींचं नाव मयत म्हणून गेलेलं निघालं. वारले होते ते आजोबा. आजी दार उघडून म्हणाल्या, "मग आता मी चहा करू की नको?"

नाव सापडत नसेल तर लगेच "नाही" असं लिहू नका. आधी हे बघा:

- लग्नानंतर आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या आडनावाने आहे का?
- आडनाव आधी, नाव नंतर असं छापलंय का?
- ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा बदललीय का? सुनीता, सुनिता, सनिता अशा तिन्ही सापडतात.
- घर क्रमांकाच्या जागी नुसती रेघ किंवा शून्य आहे का?

सर्वांत खात्रीचा शोध कार्डाच्या क्रमांकाने. नवीन क्रमांक तीन अक्षरं आणि सात आकडे असा दहा खुणांचा असतो. जुन्या कार्डांवर एमटीने सुरू होणारे, तिरप्या रेघांचे लांबलचक क्रमांक आहेत. ते टाकून काही हाती लागलं नाही तर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वय टाकून शोधा.

टप्पा 3: दारोदार

एक साधी वही किंवा तक्ता करा. रकाने एवढेच: घर क्रमांक, यादीत छापलंय तसं नाव, भाग क्रमांक व अनुक्रमांक, स्थिती, काय करायचं, अर्जाचा संदर्भ क्रमांक, तारीख. जात, पक्ष, "कुणाला देणार" हे रकाने नकोत, आणि गप्पांतही नकोत. एकदा तसा वास आला की अख्खी इमारत गप्प होते.

दारात काय बोलायचं यावर बरंच ठरतं. "आपण मतदान करता ना?" असं विचारलं की माणूस शाळेत उभं केल्यासारखा "हो हो" म्हणतो आणि दार लावून घेतो. त्याऐवजी वही उघडून दाखवा: "काकू, तुमचं नाव आहे, पण वय 19 छापलंय." काकू आधी हसतात, मग चष्मा आणतात, मग मुलाला हाक मारतात. स्वतःच्या नावातली चूक बघितल्यावर कुणालाही उपदेश करावा लागत नाही.

प्रत्येक घर पाचपैकी एका खान्यात टाका: सगळं बरोबर, नाव आहे पण चूक, नाव जुन्या पत्त्यावर, नाव कुठेच नाही, माणूस वारला किंवा कायमचा गेला. बंद घरांना दुसऱ्यांदा, वेगळ्या वेळी जा.

सावध: आधारचे, दाखल्यांचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागवू नका. ज्याचा अर्ज त्याच्याच फोनवरून भरा. तुम्ही शेजारी बसून मदत करा.

टप्पा 4: नमुना कोणता

ऑगस्ट 2022 पासून अर्जाचे नमुने बदलले, पण लोकांच्या डोक्यात जुनेच आहेत. सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

नमुना 6 फक्त आयुष्यात पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी. नवीन पत्त्यावर आलेल्यासाठी नाही, कार्ड हरवलेल्यासाठीही नाही.

नमुना 8 बाकी जवळजवळ सगळ्यासाठी: पत्ता बदलला (त्याच मतदारसंघात किंवा दुसऱ्या, दोन्ही), नाव-वय-फोटोत दुरुस्ती, कार्डाची बदली प्रत, दिव्यांग म्हणून नोंद. एका अर्जात एकच पर्याय निवडायचा असतो.

नमुना 7 नोंद वगळण्यासाठी किंवा नोंदीवर हरकतीसाठी. घरातलं माणूस गेलं असेल तर मृत्यू दाखल्यासह.

नेहमीची चूक अशी. नाशिकहून ठाण्याला आलेला माणूस "नवं घर, नवं कार्ड" म्हणून नमुना 6 भरतो. त्यात "माझं नाव अन्य कुठे नाही" अशी घोषणा असते. तो न वाचता टिचकी मारतो. आता त्याचं नाव दोन ठिकाणी आहे आणि सही खोट्या घोषणेवर आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950 च्या कलम 31 नुसार यासाठी एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याने नमुना 8 भरला असता तर नाव तिकडून इकडे हललं असतं.

"गावाकडचं नाव राहू दे हो" हे दुसरं. ग्रामपंचायतीला चुलतभाऊ उभा राहतो, एका-दोन मतांनी निकाल फिरतो, भावना समजते. पण कायद्याने नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. तुम्ही बारा महिने डोंबिवलीत राहत असाल तर तुम्ही डोंबिवलीचे. अशा घरी वाद घालत बसू नका. नियम सांगा, नमुना 8 दाखवा आणि पुढच्या दारी जा.

भाडेकरूंच्या बाबतीत मालक बिचकतात. यादीत नाव आल्याने घरावर हक्क लागत नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. पत्त्याच्या पुराव्याला नोंदणीकृत भाडेकरार चालतो. आधार, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल हेही चालतं. बिल आईवडिलांच्या किंवा नवरा-बायकोच्या नावावर असलं तरी हरकत नाही. हॉस्टेलवरच्या विद्यार्थ्याला घरचा किंवा हॉस्टेलचा, कोणताही एक पत्ता निवडता येतो.

परदेशी असलेल्या पण भारतीय पासपोर्ट राखलेल्यांसाठी नमुना 6अ आहे, पत्ता पासपोर्टवरचा. मत मात्र इथे प्रत्यक्ष येऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच. तिकडचं नागरिकत्व घेतलं की इथलं मत संपलं, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) कार्ड असलं तरी.

अर्ज पाठवण्याआधी पुढची तपासणी चुकवू नका. तुम्ही इंग्रजीत नाव टाइप केलं की शेजारच्या चौकटीत ते आपोआप मराठीत उमटतं. साठेंचे "सठे" आणि काळ्यांचे "काले" तिथेच होतात. छापील मराठी यादीत जाणार आहे ती ही दुसरी चौकट. ती हाताने दुरुस्त करा, मोठ्याने वाचा, मगच पुढे जा.

सावध: ऐकीव माहितीवर दुसऱ्याच्या नावाचा नमुना 7 कधीही भरू नका. "ते लोक तर गेले ना?" म्हणून भरलेल्या अर्जापायी चार महिन्यांसाठी मुलीकडे गेलेल्या माणसाला नोटीस जाते, आणि तो नोटीस घ्यायला घरी नसतो.

कागदी अर्ज असतील तर एकाने सगळ्या इमारतीचा गठ्ठा नेऊन देऊ नये. गठ्ठ्याने आलेले अर्ज स्वीकारत नाहीत. एका घरातल्या माणसांचे अर्ज त्याच घरातल्या एकाने दिले तर चालतात.

टप्पा 5: अर्ज गेला म्हणजे काम झालं नाही

अर्ज भरल्यावर संदर्भ क्रमांक येतो. तो लगेच वहीत. हा रकाना रिकामा राहिलेले अर्ज पुढे सापडत नाहीत, हा माझा अनुभव.

मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, पडताळणीला येतात. बहुधा त्या जवळच्या शाळेतल्या बाई किंवा अंगणवाडी सेविका असतात आणि हे काम स्वतःचं मूळ काम सांभाळून करतात. त्या आल्या, दार बंद, शेजारी म्हणाले "माहीत नाही", की अर्ज नाकारला जायची वाट मोकळी. तेव्हा आधीच फोन करा. निवडणूक आयोगाच्या ईसीआयनेट अॅपवर बीएलओंशी बोलायची वेळ मागता येते, किंवा 1950 या मदत क्रमांकावर फोन करून विचारा. त्यांना सोयीचा एक दिवस घ्या, त्या दिवशी अर्जदारांना घरी थांबायला सांगा, गेटवर यादी ठेवा. आमच्याकडे बाईंसाठी क्लबहाऊसमध्ये पंखा, टेबल आणि पाण्याची बाटली ठेवली, तर तीन फेऱ्यांचं काम एका दुपारी उरकलं.

अर्ज नाकारला तर कारण वाचा. बहुतेकदा फोटो अस्पष्ट, कागद अपुरे किंवा "पत्त्यावर आढळले नाही" असतं. पुन्हा अर्ज करता येतो. निर्णयच चुकीचा वाटला तर 15 दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

इथे थांबून बघा: "स्वीकृत" असं दिसल्यावर पंधरा दिवसांनी कार्ड क्रमांकाने पुन्हा शोधा. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दोन्ही दिसले, तरच त्या घरापुढे बरोबरची खूण.

टप्पा 6: स्थानिक निवडणुकीला वेगळी उजळणी

लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे, स्थानिक संस्था राज्य निवडणूक आयोगाकडे. राज्य आयोग नवी नावं घेत नाही आणि जुनी वगळत नाही. विधानसभेची यादी प्रभागांत विभागून प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी लावतो आणि हरकतींसाठी थोडे दिवस देतो. त्या दिवसांत दुरुस्त काय होतं? तुमची इमारत भलत्याच प्रभागात गेली असेल तर ते, विधानसभा यादीत असलेलं नाव इथे सुटलं असेल तर ते, आणि लेखनिकाची चूक. बाकी नाही.

प्रभागाची हद्द नाल्यावरून किंवा रस्त्यावरून जाते. तुम्ही हद्दीला चिकटून राहत असाल तर प्रारूप यादी लागल्याच्या दिवशीच बघा. हरकत एकट्याने न घेता हद्दीचा नकाशा जोडून सगळ्या घरांची एकत्र घ्या.

आणखी एक समजावून सांगायची गोष्ट. मुंबई सोडता महापालिकांत एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडले जातात, म्हणून एका मतदाराला एकापेक्षा जास्त मतं असतात. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबायचं. एक दाबून बाहेर निघणारे बरेच असतात. आधीच्या रविवारी दहा मिनिटं कागदावर हे काढून दाखवा, विशेषतः ज्येष्ठांना.

टप्पा 7: शेवटचा आठवडा आणि तो दिवस

लोकसभा-विधानसभेला 85 वर्षांवरील आणि 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना 12ड, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. हा पर्याय एकदा घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे आजोबांना आधी सांगा. बऱ्याच आजोबांना केंद्रावर जाण्याचीच हौस असते.

मतदार चिठ्ठी ही ओळख नव्हे, 2019 पासून नाही. कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक यांपैकी एक न्या. वेळाही सारख्या नसतात. 2024 च्या विधानसभेला सर्वसाधारणपणे सकाळी 7 ते संध्याकाळी 6 अशी होती, जानेवारी 2026 च्या महापालिकांना साडेसात ते साडेपाच. वेळ संपताना जे रांगेत आहेत त्यांना मत देता येतं. साडेपाचला रांग बघून घरी परतू नका.

केंद्रावर दोन अडचणी येऊ शकतात. नावापुढे अनुपस्थित-स्थलांतरित-मयत अशा यादीतली खूण असली, तरी तुम्ही समोर उभे आहात. ओळख पटवा, मत देता येतं. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर भांडून परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका मागा, ओळख पटल्यावर ती मिळते. हे यंत्रावरचं नसून कागदावरचं मत असतं.

सावध: निवडणुकीच्या तोंडावर सोसायटीला रंग, बाकडी, सीसीटीव्ही, पाण्याची टाकी देऊ करणारे येतात. बदल्यात "तुमच्या सगळ्या मतांचं बघा". ही लाच आहे, घेणाऱ्यालाही लागू. उमेदवाराने मतदारांसाठी पाठवलेली रिक्षाही कायद्यात बसत नाही. चालता न येणाऱ्यांसाठी आयोगाच्या अॅपवर चाकाची खुर्ची किंवा वाहन मागता येतं, ते आठवडाभर आधी मागा. केंद्रापासून 100 मीटरच्या आत प्रचार नको. तुमच्या टोळीतल्या कुणाच्या खिशाला बिल्ला राहिला नाही ना, तेही बघा.

टप्पा 8: वही कुणाकडे

मतदान झाल्यावर फोनमध्ये राहिलेले लोकांचे कागद पुसून टाका, सगळ्यांसमोर. वही ठेवा, त्यातले फोन नंबर खोडा. नव्या भाडेकरूला पार्किंगचा आणि पोलिस पडताळणीचा फॉर्म देतो, त्याच्यासोबत नमुना 8 ची माहिती देणारा कागद जोडा. निम्मं काम पुढच्या वेळी आपोआप झालेलं असेल.

टोळी मोडू नका. दारं आता ओळखीची झाली आहेत. पुण्यात महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवते. फूटपाथ, दिवे, बाकं सुचवायचा अर्ज एकेकट्याने भरण्यापेक्षा वहीतल्या तीस घरांनी एकच काम सुचवलं तर दखल घेतली जाण्याची शक्यता वाढते. गावात असाल तर 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा, आणि गणपूर्तीला माणसं लागतातच.

वहीच्या शेवटच्या पानावर सतरा पूर्ण झालेल्या पोरांची नावं जन्मतारखेसह लिहा. त्यांना आगाऊ अर्ज करता येतो, अठरा पूर्ण झाल्यावर येणाऱ्या तारखेला तो विचारात घेतला जातो. त्यांतल्याच एकाला वही देऊन टाका.